दुसरा प्लग

मुंबईत ज्यांच्याकडे जुनी पल्सर आहे त्यांनी एक प्रयोग करून बघावा. सर्व्हिसिंग झाल्यावर गॅरेजवाल्याला सहज विचारायचं, "प्लग बदलले का?" उत्तर येतं, "हो साहेब, बदलला." एकवचन ऐकलंत? सगळी गोम तिथेच आहे. डीटीएस-आय पल्सरला प्लग असतात दोन. एक समोर दिसतो, दुसरा दिसत नाही. जो दिसतो तो बदलला जातो. जो दिसत नाही तो गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहतो.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोटापाण्याला जावा. (हसू नका, आमच्या वर्गातले निम्मे असेच आहेत.) त्यामुळे गाडी उघडायची खाज शनिवार-रविवारीच भागवावी लागते. वर्सोव्यात सोसायटीच्या आवारात पाना घेऊन बसलेला माणूस दिसला की आजूबाजूचे लोक आपापल्या गाड्यांची दुखणी घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच पल्सर बघितल्या आणि त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. ज्या भागापर्यंत हात पोचत नाही त्याची देखभाल होत नाही. कंपनीच्या पुस्तकात काहीही छापलेलं असो. आणि त्याची किंमत ज्याने डिझाइन केलं तो भरत नाही, ज्याने दुर्लक्ष केलं तोही भरत नाही. ती भरतो गाडीवर पोट असलेला माणूस.

आधी तो दुसरा प्लग तिथे आलाच कशाला ते बघू. 2003 साली बजाजने पल्सरमध्ये 'डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन' आणलं. कल्पना सुरेख आहे. प्लग एकच असेल तर ज्योत सिलिंडरच्या एका कडेला पेटते आणि पलीकडच्या कडेपर्यंत जळत जाते. त्यात वेळ जातो, आणि कोपऱ्यातलं थोडं मिश्रण नीट जळतही नाही. समोरासमोर दोन प्लग ठेवले तर दोन्हीकडून ज्योत निघून मधे भेटते. अंतर निम्मं, जळणं जलद, त्यामुळे कमी पेट्रोलचं पातळ मिश्रणही चालतं. दीडशे सीसीची गाडी पळायलाही बरी आणि अ‍ॅव्हरेजलाही बरी, हे जे पल्सरचं नाव झालं त्यात या प्लगांचा वाटा आहे.

आता अडचण अशी की जेमतेम 57-58 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर. त्याच्या डोक्यावर दोन व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, आणि एका अंगाने वर येणारी टायमिंग चेन. चेन ज्या पोकळीतून वर येते तिथे ऑइल उडत असतं. प्लग समोरासमोर हवे म्हटलं की एक चेनच्या बाजूलाच येणार, त्याला इलाज नाही. मग त्या पोकळीतून आरपार एक नळी घातली, म्हणजे स्लीव्ह, आणि तिच्या तळाशी प्लग बसवला. नळीच्या बाहेर ऑइल, आत कोरडा प्लग, आणि दोघांच्या मधे रबरी ओ-रिंग. विहिरीच्या तळाशी घागर ठेवावी तसा तो प्लग. म्हणजे डिझायनर मूर्ख होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट ही अडचण इतकी हुशारीने सोडवलीय की तिच्यावर पेटंट मिळालं.

आणि पेटंटही साधंसुधं नाही. क्रमांक 195904, मिळालं 2005 साली. त्याच्या पहिल्याच दाव्यात दोन गोष्टी आहेत. दोन प्लग एकमेकांसमोर, आणि त्यातला किमान एक ऑइल लागू नये म्हणून स्लीव्हमध्ये. 2007 साली टीव्हीएसने 'फ्लेम' नावाची दोन प्लगची गाडी जाहीर केली आणि बजाज मद्रास उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2008 मध्ये टीव्हीएसवर मनाई आली. तेव्हा त्यांनी फ्लेम चक्क एका प्लगवर बाजारात आणली. मे 2009 मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. सप्टेंबर 2009 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, तिथून "असे खटले लवकर निकालात काढा" अशी तंबी, आणि शेवटी 2019 मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून टाकलं. बारा वर्षं! दोन बड्या कंपन्या, वकिलांची फौज, सगळं त्या एका प्लगपायी आणि त्याच्या नळीपायी. आणि यारी रोडवरच्या गॅरेजात त्याच प्लगकडे ढुंकूनही कुणी बघत नाही. मला याची गंमतही वाटते आणि रागही येतो.

बघत नाहीत याचं एक कारण आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. दुसरा प्लग मेला तरी गाडी चालते. पहिला असतो ना. थोडा पिकअप कमी, थोडं अ‍ॅव्हरेज कमी, सकाळी किक किंवा सेल्फला थोडे जास्त आढेवेढे. बंद पडत नाही. आमच्याकडे दोन सर्व्हर लावतात, एक बसला तरी दुसरा काम ओढतो म्हणून. पण एक बसल्याचं सांगणारा अलार्म नसेल तर सहा महिने कुणाला पत्ताच लागत नाही, आणि ज्या दिवशी दुसरा बसतो त्या दिवशी सगळे रात्रभर जागतात. जोडीला गडी दिला की एकाचं आजारपण झाकलं जातं.

हे विमानवाल्यांना फार पूर्वीच कळलं होतं. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि त्यांना वीज देणारे मॅग्नेटोही दोन वेगळे. पायलट उड्डाणाच्या आधी एकेक मॅग्नेटो बंद करतो आणि इंजिनाचे फेरे किती पडतात ते बघतो. थोडे पडले तर ठीक. मुळीच पडले नाहीत तरी शंका घ्यायची, कारण कदाचित जो बंद केला तो आधीच मेलेला असेल! हे दर उड्डाणाला. आपल्या मोटरसायकलला असली तपासणी कोण करतो? खरं तर पाच मिनिटांचं काम आहे. एका प्लगची कॅप काढायची, तिच्यात जुना प्लग खोचून त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचं (नुसती मोकळी सोडायची नाही, कॉइलला त्रास होतो आणि हाताला झटकाही बसतो), पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघायचं, आणि इंजिन उरलेल्या प्लगवर चालतं का ते ऐकायचं. मग दुसरी बाजू.

वर्सोव्याचं म्हणाल तर इथे गोष्ट आणखी बिघडते. स्पार्क प्लगचं अंग पोलादाचं, इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे अकरावीच्या रसायनशास्त्रातली बॅटरीच की. समुद्रापासून दोनशे मीटरवर रात्रभर उघड्यावर उभी राहणारी गाडी, कोळीवाड्यातल्या गल्ल्यांतलं ओल, वर मढला जायला बोटीवर चढवलेल्या मोटरसायकली, त्यांच्यावर उडणारे तुषार. प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो म्हणून बरंच निभावतं. पण आठ-दहा वर्षं न हललेला प्लग जेव्हा कुणी तरी अखेर काढायला जातो तेव्हा तो आट्यांत धरलेला असतो. जोर केला की दोनच शक्यता. प्लग निघतो, नाहीतर हेडचे आटे त्याच्याबरोबर निघतात. मग हेड उतरवा, लेथवाल्याकडे न्या, हेलिकॉइल बसवा. शंभर-सव्वाशे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचा खड्डा. म्हणून मेकॅनिक तिथे हात घालायला घाबरतो. आणि घाबरतो म्हणून तो प्लग आणखी दोन वर्षं तिथेच राहतो आणि आणखी घट्ट होतो.

गेल्या पावसाळ्याआधी कोळीवाड्यातला एक मुलगा त्याची पल्सर घेऊन आला. 2012 चं मॉडेल, तिसऱ्या हाताची. संध्याकाळी सहा ते रात्री एक तो लोकांच्या घरी जेवण पोचवतो. वडिलांची बोट आता नाही, घर या गाडीवर. पूर्वी पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज होतं, ते चौतीसवर आलं होतं, आणि सिग्नलला मधेच मिसिंग. एका मोठ्या गॅरेजने निदान केलं होतं, "इंजिन काम. बोअर-पिस्टन. साडेसहा हजार." तो मला विचारायला आला होता की साडेसहा जरा कमी करून कुठे होईल का.

मी म्हटलं आधी दुसरा प्लग बघू. तो म्हणाला, "दादा, प्लग आत्ताच नवीन टाकलाय."

शनिवारी सकाळी सातला बसलो, इंजिन गार असताना. गरम इंजिनाचा प्लग काढू नये, तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे लवकर जातात. समोरचा प्लग खरंच कोरा होता, दोन मिनिटांत हातात आला. पलीकडे मात्र आधी मालकाने लावलेलं लेगगार्ड काढावं लागलं, कारण ते नेमकं पान्याच्या वाटेत. मग कॅप काढली तर नळीच्या तोंडाशी माती. ती न काढता प्लग सोडवला तर सगळी सिलिंडरमध्ये पडणार, म्हणून सायकलच्या पंपाने फुंकर घालून साफ केली. आत बोट घातलं तर ऑइल. पाना सरळ जाईना, एक लहान एक्स्टेन्शन आणि वर वाकणारा सांधा लावून कसाबसा बसवला. जंग सोडवणारं तेल टाकून अर्धा तास चहा प्यायलो. मग पाव फेरा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल. किर्र किर्र असा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला तो मुलगा डोळे मिटत होता. अखेर निघाला. काळाकुट्ट, तेलात भिजलेला, इलेक्ट्रोडची धार झिजून गोल झालेली. माझी पैज आहे की तो कारखान्यातून गाडीबरोबर आलेला पहिलाच प्लग होता.

पिस्टनला काहीही झालेलं नव्हतं. उन्हा-तापाने नळीवरची ओ-रिंग कडक होऊन ऑइल आत झिरपत होतं, त्यात प्लगचं डोकं आणि कॅप बुडाली होती, आणि ठिणगी भलतीकडेच निसटत होती. नळी काढायचं हत्यार माझ्याकडे नाही, म्हणून गाडी ढकलत जवळच्या एका लहान गॅरेजात नेली. तिथले काका सांगलीकडचे, पस्तीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी नळी काढली, नवी ओ-रिंग घातली, प्लग बसवला. सगळं मिळून साडेचारशे रुपये. (अ‍ॅव्हरेज पुढच्या आठवड्यात बेचाळीसवर गेलं. पंचेचाळीस नाही. गाडीही म्हातारी झालीय.)

काकांना मी सरळच विचारलं, की तुम्ही लोक हा दुसरा प्लग बदलत का नाही? त्यांनी हात पुसत पुसत जे सांगितलं ते मला पटलं. म्हणाले, "हे बघा, प्लग बदलायची मजुरी लोक देतात तीस रुपये. एका प्लगला दोन मिनिटं, दुसऱ्याला पाऊण तास. मी पाऊण तासाचे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, काका लुटताय. आणि आटे गेले तर खर्च माझ्या डोक्यावर. मग मी कशाला हात लावू?" यात लबाडी कुठे आहे? हिशेब आहे. आपण मजुरी वस्तूच्या किमतीवर ठरवतो, वेळेवर ठरवत नाही. सव्वाशेच्या प्लगला तीनशे मजुरी म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. तेच आमच्या ऑफिसात एका ओळीचा बदल करायला दोन दिवस लागले तर कुणी ओळीमागे पैसे मोजत नाही, दोन दिवसांचे मोजतात. मग हातांनी काम करणाऱ्याला वेगळा न्याय का?

पण सगळा दोष गिऱ्हाईकावर ढकलूनही चालणार नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरात जाणारा माणूस काय करणार? जॉब कार्डावर 'स्पार्क प्लग' अशी एकच ओळ. त्यात एक बदलला की दोन, कळायला मार्ग नाही. माझ्या मते प्रत्येक प्लगची ओळ वेगळी हवी, मजुरी वेगळी हवी, आणि जुने प्लग गिऱ्हाईकाच्या हातात द्यायला हवेत. दोन प्लग हातात घेतले की इंजिनियर असायची गरज नाही, रंग बघूनच कळतं. फिकट तपकिरी म्हणजे तब्येत बरी, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला काळा म्हणजे ऑइल. एकच प्लग हातात आला तर दुसरा कुठाय ते तिथेच विचारता येतं.

आणि डिझाइन करणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. प्लग तिथे बसवणं भाग होतं हे मान्य. पण नळीच्या तोंडाशी पाना सरळ जाईल एवढी जागा ठेवणं, माती आत जाणार नाही असं झाकण देणं, त्या मापाचा लांब गळ्याचा पाना गाडीबरोबर देणं, यात कुठे पेटंट लागतं? नवं मॉडेल मंजूर व्हायच्या आधी त्या टीममधल्या माणसाने भर जुलैत, रस्त्याच्या कडेला, छत्रीखाली बसून प्लग बदलून दाखवावा, असा माझा नम्र प्रस्ताव आहे. घड्याळ लावून.

अडचणीची जागा असूनही सोय करता येते याची उदाहरणं आपल्याच रस्त्यांवर आहेत. मारुती ओम्नी बघा. 1984 ला आली, 2019 ला बंद झाली, आणि इंजिन चक्क पुढच्या सीटच्या खाली. ऐकायला भयंकर. पण सीट उचलली की इंजिन समोर, आणि पाऊस असला तर मेकॅनिक गाडीतच बसून काम करतो, डोक्यावर छप्पर! अ‍ॅक्टिव्हात प्लग प्लास्टिकच्या आत दडलेला असतो, पण त्यासाठी एक लहान झाकण दिलेलं आहे. जागा अरुंद आहे, तरी 'इथे कुणाचा तरी हात येणार आहे' हा विचार कुणी तरी केलाय. आणि बाबांच्या पिढीची चेतक तर काय, उजव्या बाजूचं पत्र्याचं कव्हर काढलं की प्लग समोर. दर थोड्या दिवसांनी प्लगमध्ये कचरा यायचा हे खरं, त्या टू-स्ट्रोक इंजिनाचा तो स्वभावच. पण बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, सगळ्यांना मायकोचा प्लग काढून, घासून, परत लावता यायचा. तेव्हाच्या गाड्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. आडवी करून सुरू करावी लागणारी स्कूटर चांगली कशी? फक्त तिचा प्लग कुणाच्या मेहेरबानीवर नव्हता.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती लोकांना खुली करावी हा हेतू. चांगलंच आहे. पण माहिती मिळाली तरी हात पोचायला हवा. कुणी म्हणेल आता इलेक्ट्रिक गाड्या येतायत, चेतकसुद्धा जानेवारी 2020 पासून बॅटरीवर आहे, प्लगच नाही तर कसलं काय. बरोबर, प्लग जाईल. पण कनेक्टर असेल, फ्यूज असेल, कंट्रोलर असेल, आणि त्यातलं काही तरी कुणी तरी विहिरीच्या तळाशी बसवलेलं असेलच.

तोपर्यंत ज्यांच्याकडे दोन प्लगची गाडी आहे त्यांच्यासाठी. प्लग बसवताना आधी हाताने फिरवावा, पान्याने नाही. नळीत हात जात नसेल तर पेट्रोलच्या पाइपाचा वीतभर रबरी तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवून त्याने फिरवायचा. आटे वाकडे बसायला लागले की रबर आपोआप घसरतं आणि हेड वाचतं. हाताने पूर्ण बसला की मग पान्याने साधारण अर्धा फेरा, किती ते खोक्यावर छापलेलं असतं. ग्रीस फासू नका. एनजीकेसारख्या कंपन्या मुलामा दिलेल्या प्लगला ते नकोच म्हणतात, कारण आटे निसरडे होतात आणि प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. नळीत ऑइल दिसलं तर नुसतं पुसून गप्प बसू नका, ओ-रिंग बदला. आणि काका पाऊण तासाचे पैसे मागतील ते द्या.

लांब गळ्याचा पाना मी गेल्या महिन्यात घेतलाय. सात बंगला ते यारी रोड या टापूत कुणाला हवा असेल तर सांगा, शनिवारी सकाळी मिळेल. लेगगार्ड घरूनच काढून आणा.